चेंडू थांबतो तिथे अमेरिका दिसते

प्रश्न असा आहे: बास्केटबॉल, बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉलमधली डावपेचांची आणि कोचिंगची पद्धत आपल्या फुटबॉलमध्ये (तिकडे ज्याला सॉकर म्हणतात) खरोखर उतरली आहे का, की ही नुसती फॅशन आहे? आणि शाळेच्या किंवा क्लबच्या संघाला शिकवणाऱ्या कोचने त्यातलं नेमकं काय उचलावं?

उतरली आहे, पण सगळ्या मैदानावर नाही. चेंडू थांबलेला असतो तिथे, म्हणजे कॉर्नर, फ्री किक, थ्रो-इन, किक-ऑफ या वेळी, अमेरिकन पद्धत थेट आणि फार चांगली लागू पडते. कोचिंग स्टाफमध्ये कामाची वाटणी कशी करावी आणि खेळाडूची किंमत कशी ठरवावी, यातही तिचा मोठा वाटा आहे. वाहत्या खेळात मात्र ती जशीच्या तशी आणली की संघ बिघडतो.

कारण खेळांच्या रचनेत आहे. अमेरिकन फुटबॉलचा सामना घड्याळावर ६० मिनिटांचा असतो, पण चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो दहा-बारा मिनिटं. दोन चालींच्या मध्ये सगळे थांबतात, कोच पुढची चाल सांगतो, खेळाडू ठरलेल्या जागी उभे राहतात आणि पाच-सहा सेकंदांचा एक स्फोट होतो. आपल्याकडे चेंडू ५५ ते ६० मिनिटं फिरत असतो. पण आपला खेळही थांबतो. एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून साधारण १० कॉर्नर, ४० च्या आसपास थ्रो-इन आणि २० हून अधिक फ्री किक होतात. एवढ्या वेळा चेंडू स्थिर, खेळाडू आपल्याला हवे तिथे उभे आणि सुरुवात आपल्या हातात. कित्येक वर्षं बहुतेक संघ हा सगळा वेळ 'उंच माणूस पुढे पाठवा आणि टाका आत' एवढ्यावरच घालवत होते.

या बाबतीत सर्वांत ठळक उदाहरण २०१८ च्या विश्वचषकातल्या इंग्लंडचं. इंग्लंडचे कोच गॅरेथ साउथगेट त्या वर्षी अमेरिकेत जाऊन सुपर बोल (अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना) आणि मिनेसोटाचा एनबीए, म्हणजे व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, सामना पाहून आले होते. त्यांना बघायचं होतं ते हे, की इतक्या कमी जागेत, अंगाला अंग लावून उभा असलेला बचावपटू चुकवून माणूस मोकळा कसा होतो. रशियात इंग्लंडने १२ गोल केले, त्यातले ९ सेट पीसवरून, म्हणजे थांबलेल्या चेंडूवरून, आले (३ पेनल्टी धरून). कॉर्नरच्या आधी चार-पाच जण एकामागे एक आगगाडीसारखे उभे राहायचे आणि चेंडू निघताना चार दिशांना फुटायचे. बास्केटबॉलमध्ये अंतिम रेषेबाहेरून चेंडू आत देताना हीच रचना असते, आणि अमेरिकन फुटबॉलमध्ये रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे खेळाडू, असेच एकामागे एक उभे राहतात. कारण एकच: ओळीत उभ्या असलेल्या माणसांना एकेकट्याने चिकटून मार्किंग करता येत नाही. बचावपटूला बाजूला किंवा मागे उभं राहावं लागतं, आणि तेवढं अंतर पुरतं.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करतो. कॉर्नरवर आडवं उभं राहणं फुटबॉलमध्ये आधीपासून होतं. अमेरिकन खेळांनी दिली ती त्यामागची शिस्त: कोण, कुठे, किती पावलं, कोणत्या क्षणी. हीच शिस्त कशी दिसते ते एका कॉर्नरवर सविस्तर बघू.

उजवीकडचा कॉर्नर घ्या, मारणारा डावखुरा, म्हणजे चेंडू गोलकडे वळत येणार. समोरचा संघ माणसाला माणूस असं मार्किंग करतो आहे. आपले चौघं पेनल्टी स्पॉटपासून मागे एका ओळीत, एकमेकांत हातभर अंतर. पाचवा गोलकीपरच्या जवळ. सहावा बॉक्सच्या टोकावर, बाहेर पडणाऱ्या चेंडूसाठी. तिघं मागे. मारणारा आणि आपला कीपर मिळून अकरा झाले.

ओळीतला पहिला निअर पोस्टकडे, म्हणजे कॉर्नरच्या जवळच्या गोलखांबाकडे, जोरात धावतो. त्याला चेंडू मिळणार नाही, पण त्याच्याबरोबर एक बचावपटू ओढला जातो. चौथा मागून वळसा घालून फार पोस्टकडे, म्हणजे लांबच्या खांबाकडे, जातो. दुसरा एक-दोन पावलं पुढे येऊन थांबतो. पाय खांद्याच्या रुंदीइतके, हात छातीशी बांधलेले. हा झाला स्क्रीन. आणि तिसरा, जो आपला सर्वांत चांगला हेडर मारणारा आहे, तो दुसऱ्याच्या खांद्याला खांदा घासून सहा यार्डांच्या रेषेकडे निघतो. त्याचा बचावपटू दुसऱ्याच्या अंगावर अडतो, आणि एवढ्यात तिसरा दोन पावलं पुढे गेलेला असतो.

खांदा घासला पाहिजे हे मी मुद्दाम लिहितो आहे. बास्केटबॉलचा कोणताही जुना कोच पहिल्या दिवशी हेच शिकवतो. दोघांच्या मध्ये फूटभर फट राहिली तरी बचावपटू त्यातून निसटतो आणि सगळी मेहनत वाया जाते. फुटबॉलचे खेळाडू हे करायला बिचकतात, सवयीने एकमेकांना लांबून टाळून जातात. सरावात तिसऱ्याने जाताना दुसऱ्याच्या कमरेला हाताने स्पर्श करायचाच, असा नियम लावला की आठवडाभरात सवय लागते.

वेळेचं गणित सोपं आहे. कॉर्नरवरून गोलच्या मध्यापर्यंत साधारण ३४ मीटर, चेंडूला हवेत दीड सेकंदाच्या आसपास लागतो. पेनल्टी स्पॉटपासून सहा यार्डांच्या रेषेपर्यंत ५.५ मीटर, जागेवरून निघून तिथे पोचायला सव्वा ते दीड सेकंद. म्हणजे तिसऱ्याने निघायचं ते मारणाऱ्याचा आधाराचा पाय जमिनीवर टेकतो तेव्हा. हात वर केल्यावर निघायचं नाही, चेंडू लाथाडल्यानंतर तर अजिबात नाही. दुसरा त्याच्या अर्धा सेकंद आधी आपल्या जागी पोचून स्थिर झालेला हवा. नव्या संघात हमखास बिघडतं ते इथेच: धावणाऱ्याला घाई होते, स्क्रीन लागायच्या आधीच तो निघतो, बचावपटूला अडवायला कोणी नसतं.

आणि स्थिर राहणं फक्त वेळेसाठी नाही, नियमासाठीही आहे. नियम १२ सांगतो की प्रत्येक खेळाडूला मैदानावरच्या आपल्या जागेचा हक्क आहे. प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत असणं वेगळं आणि त्याच्या वाटेत मुद्दाम सरकणं वेगळं. उभे राहिलात आणि तो येऊन आदळला, तर ठीक. तो निघाल्यावर तुम्ही पाऊल टाकून आडवे आलात, तर अडथळा. स्पर्श नसेल तर इनडायरेक्ट फ्री किक, स्पर्श असेल तर डायरेक्ट. बास्केटबॉलमध्येही हलता स्क्रीन फाउलच असतो, त्यामुळे तिथली शिकवण इथे उपयोगी पडते. हात छातीशी बांधायचे तेही यासाठीच. रेफ्रीला सर्वांत आधी दिसतो तो पसरलेला हात आणि ओढलेला शर्ट.

स्क्रीन लावून झाल्यावर दुसऱ्याचं काम संपत नाही. बास्केटबॉलमध्ये स्क्रीन लावणारा लगेच वळून बास्केटकडे सुटतो, त्याला तिथे 'रोल' म्हणतात. इथेही दुसऱ्याने बचावपटू अडकल्याबरोबर गोलकडे वळायचं. तिसऱ्याच्या हेडरवरून कीपरने चेंडू ढकलला तर तो पडतो त्या टापूत हाच माणूस सर्वांत जवळ असतो. अनेक संघ स्क्रीन शिकवतात आणि रोल विसरतात. मग गोलसमोर पडलेला चेंडू बचावपटू निवांत बाहेर काढतो.

हे सगळं चेंडू योग्य जागी आला तरच. सहा यार्डांच्या रेषेवर, गोलच्या मध्यासमोर, दोन मीटरची पट्टी आखा. मारणारा दहापैकी सहा चेंडू डोक्याच्या उंचीवर त्या पट्टीत टाकू शकत नसेल, तर चालींचा सराव बंद ठेवा आणि आधी त्याच्याकडून रोज वीस चेंडू मारून घ्या. पहिल्याच बचावपटूच्या डोक्यावर जाणाऱ्या कॉर्नरला कोणताही स्क्रीन वाचवत नाही.

समोरचा संघ झोनमध्ये, म्हणजे सहा यार्डांच्या रेषेवर जागा धरून उभा असेल तर वरची चाल लागू पडत नाही. तिथे चुकवायला माणूसच नाही. अशा वेळी अडवायची असते ती हालचाल: झोनमधल्या ज्या माणसाला पुढे पाऊल टाकून हेडर मारायचा आहे, त्याच्यापुढे आधीच उभं राहायचं, आणि कीपरला बाहेर यायला वाट ठेवायची नाही. आर्सेनलने निकोलास जोव्हर या सेट पीस कोचच्या हाताखाली हे फार बारकाईने केलं. २०२३-२४ च्या प्रीमियर लीगमध्ये त्यांनी कॉर्नरवरून १६ गोल केले. बेन व्हाइट कीपरपाशी, बाकीचे फार पोस्टच्या पलीकडून एकत्र धावत येणार, आणि गॅब्रिएल त्यातून उंच उठणार. त्या मोसमातला कोणताही सामना लावा आणि चेंडू सोडून फक्त व्हाइटचे पाय बघा. तेवढ्यावरून बरंच कळतं. साधारणपणे तीस-पस्तीस कॉर्नरांमागे एक गोल होतो असं धरलं, तर एका मोसमात १६ म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

किक-ऑफची गोष्ट वेगळी आणि अजून नवी आहे. अमेरिकन फुटबॉलमधल्या सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स संघाचे कोच बिल वॉल्श सामन्याच्या पहिल्या पंधरा ते पंचवीस चाली आधीच कागदावर लिहून ठेवत. त्यामागे दोन हेतू होते. सुरुवातीच्या गोंधळात निर्णयाचा भार कमी करायचा, आणि ठरलेल्या रचनेला समोरचा संघ कसा उत्तर देतो ते बघून ठेवायचं. इंग्लंडच्या ब्रेंटफर्ड क्लबने सप्टेंबर २०२४ मध्ये सलग तीन लीग सामन्यांत पहिल्याच मिनिटात गोल केला: मँचेस्टर सिटीविरुद्ध २२ व्या सेकंदाला, टॉटनहॅमविरुद्ध २३ व्या आणि वेस्ट हॅमविरुद्ध ३७ व्या. तीनदा लागोपाठ झालं त्याला योगायोग म्हणता येत नाही. यातले पहिले दोन सामने ते हरले आणि तिसरा बरोबरीत सुटला, हेही सांगायला हवं. लिहून ठेवलेल्या चालीने पहिला मिनिट जिंकता येतो, पुढची एकोणनव्वद मिनिटं खेळावीच लागतात. त्याच मोसमात पॅरिस सां-जर्मेंने किक-ऑफवरून चेंडू थेट समोरच्या कोपऱ्याजवळ टचलाइनबाहेर मारायला सुरुवात केली. चेंडू प्रतिस्पर्ध्याला द्यायचा, पण त्याच्या दाराशी द्यायचा आणि थ्रो-इनवर घेरायचं. अमेरिकन फुटबॉलमधला पंट, म्हणजे चेंडू लाथेने लांब मारून प्रतिस्पर्ध्याला देणं, याच विचाराचा.

आता माणसांबद्दल. अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमणाचा कोच वेगळा, बचावाचा वेगळा, आणि किक-पंटच्या 'स्पेशल टीम्स'चा तिसरा. लॉस एंजेलिस रॅम्सचे जॉर्ज ॲलन यांनी १९६९ मध्ये डिक व्हर्मील यांना फक्त याच कामासाठी नेमलं, ते या पदावरचे अगदी सुरुवातीचे कोच. फुटबॉलला ही वाटणी पचायला चार दशकांहून जास्त काळ लागला. डेन्मार्कच्या मिट्युलंड क्लबने सेट पीसवर स्वतंत्र, आकडेवारीने काम सुरू केलं आणि २०१४-१५ मध्ये पहिल्यांदा लीग जिंकली. लिव्हरपूलने २०१८ मध्ये थॉमस ग्रोनेमार्क हा फक्त थ्रो-इनचा कोच घेतला. तो डेनिश आहे, पण एका लहानशा कौशल्यासाठी स्वतंत्र माणूस हा विचार अमेरिकन खेळांत मुरलेला आहे. खेळाडूंच्या बाबतीत सर्वांत धाडसी नमुना २०१४ च्या विश्वचषकातला. कोस्टा रिकाविरुद्ध जादा वेळ संपता संपता लुई व्हॅन गालनी नेदरलँड्सचा कीपर बदलला, फक्त पेनल्टी शूटआउटसाठी टिम क्रुलला आणलं. त्याने दोन अडवल्या. अमेरिकन फुटबॉलमध्ये एका किकसाठी एक माणूस येतो आणि जातो, ते रोजचं आहे. गंमत म्हणजे तिथे ती किकच फुटबॉलने बदलली: हंगेरीत जन्मलेला पीट गोगोलॅक १९६४ मध्ये बफेलो बिल्सकडून तिरकं धावत येऊन पायाच्या वरच्या भागाने चेंडू मारू लागला, आणि आज सगळे तसंच मारतात. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली आहे.

बेसबॉलकडून आली ती आकडेवारी. ओकलंड ॲथलेटिक्सने २००२ मध्ये अगदी कमी पैशांत १०३ सामने जिंकले, बाजार ज्या गुणांना किंमत देत नव्हता ते गुण विकत घेऊन. बोस्टन रेड सॉक्सचे मालक जॉन हेन्री यांनी तोच विचार उचलला, २००४ मध्ये ८६ वर्षांनी विजेतेपद मिळवलं, आणि २०१० मध्ये लिव्हरपूल घेतलं. पण सुरुवातीला फसगत झाली. ३.५ कोटी पाउंडांना घेतलेला उंच स्ट्रायकर अँडी कॅरल आणि त्याच्यासाठी क्रॉस टाकणारे खेळाडू, अशी जुळणी २०११-१२ मध्ये लीगमध्ये आठव्या क्रमांकावर राहिली. बेसबॉलमध्ये पिचर (चेंडू टाकणारा) विरुद्ध बॅटर (फटका मारणारा) अशी प्रत्येक घटना सुटी मोजता येते. फुटबॉलमध्ये एका क्रॉसमागे बावीस जणांच्या जागा असतात, त्यामुळे क्रॉसची संख्या मोजून हाती काही लागत नाही. २०१२ मध्ये आकडेवारीचं काम करायला इयान ग्रॅहम आले आणि चेंडू या जागेवरून त्या जागेवर नेल्याने गोलची शक्यता किती वाढली, हे मोजणं सुरू झालं. तेव्हा गाडी रुळावर आली. पुढे २०१९ ची चॅम्पियन्स लीग आणि २०१९-२० ची लीग. याच विचारातून लांबून मारलेले शॉट कमी झाले. बॉक्सबाहेरून मारलेल्या साधारण तीस शॉटांत एक आत जातो. बास्केटबॉलमध्ये त्याच गणिताने उलटं झालं, तिथे लांबून तीन गुण मिळतात म्हणून २०११-१२ मध्ये संघामागे सामन्याला १८ असलेले असे प्रयत्न २०२३-२४ मध्ये ३५ वर गेले.

जिथे अमेरिकन पद्धत चालत नाही तेही तितकंच ठामपणे सांगतो. टचलाइनवरून प्रत्येक पास सांगणारा कोच संघाचं नुकसान करतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चाल चालवणाऱ्या खेळाडूच्या, हेल्मेटमध्ये चाल सांगता येते कारण पुढच्या स्नॅपपर्यंत, म्हणजे चाल सुरू होईपर्यंत, वेळ असतो. फुटबॉलमध्ये कोचचा आवाज पोचेपर्यंत फट बंद झालेली असते. त्यात चौदा-पंधरा वर्षांची मुलं चेंडूकडे बघायचं सोडून बेंचकडे बघू लागतात, आणि ही सवय मोडायला वर्षं लागतात. खेळाडूच्या पायात चेंडू नव्वद मिनिटांत दोन-तीन मिनिटंच असतो. बाकीचा सगळा वेळ तो जागा ठरवत असतो, आणि ते त्याचं त्यालाच यायला हवं. बास्केटबॉलकडून वाहत्या खेळासाठी काही घ्यायचंच असेल तर ठरीव चाली घेऊ नका, तत्त्वं घ्या: सहकाऱ्यापासून अंतर राखणं, चेंडू एका बाजूला गर्दीत खेळवून दुसऱ्या बाजूच्या माणसाला एकास एक मोकळं सोडणं. प्रेसिंगचं, म्हणजे चेंडू ज्याच्याकडे आहे त्याला लगेच घेरण्याचं, श्रेय मात्र अमेरिकेला देऊ नका. त्याची वाट कीव्ह, मिलान आणि जर्मनीतून आली आहे. जेसी मार्शसारखे अमेरिकन कोचही ते जर्मन कोच राल्फ रांगनिक यांच्या परंपरेतूनच शिकले.

मधल्या विश्रांतीचं मात्र बदलतं आहे. २०१४ मध्येच मेक्सिकोविरुद्ध फोर्टलेझाच्या उन्हात पाणी प्यायला मिळालेल्या ब्रेकमध्ये व्हॅन गालनी रचना बदलली आणि शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल करून नेदरलँड्स जिंकलं. २०२६ च्या विश्वचषकासाठी फिफाने प्रत्येक अर्ध्यात तीन मिनिटांचा पाण्याचा ब्रेक ठरवला. हा टाइम-आउटच आहे, आणि तो कसा वापरावा हे एनबीएत बघायला मिळतं. तिथे टाइम-आउट ७५ सेकंदांचा असतो, तरी मुख्य कोच आधी सहायकांशी बोलतो आणि मग खेळाडूंकडे वळतो. आपणही तसंच करावं. पहिला मिनिट मुलांना पाणी पिऊ द्या, कोणी बोलू नका, स्टाफने बाजूला एकमत करावं. मग फक्त दोन गोष्टी सांगा: चेंडू आपल्याकडे नसताना एक, असताना एक. तिसरी सांगितली की पहिली विसरली जाते. शेवटची वीस सेकंदं एखाद्या खेळाडूकडून त्या दोन्ही परत वदवून घ्या.

आठवड्यात तीन दिवस, भाड्याच्या किंवा सामाईक मैदानावर सराव करणाऱ्या संघाने एवढंच करावं: आक्रमणाचे दोन कॉर्नर, एक लांब थ्रो-इन, बचावाची एक रचना. त्याहून जास्त नको. दोन कॉर्नरांसाठी दोन खुणा, एक हात वर म्हणजे पहिला, दोन्ही वर म्हणजे दुसरा. सरावाच्या शेवटी, मुलं दमलेली असताना, १५ मिनिटं. सुरुवातीला ताजेतवाने असताना सगळंच जमतं, सामन्यात कॉर्नर ऐंशीव्या मिनिटालाही येतो.

अमेरिकन संघांचा आणखी एक चांगला प्रघात म्हणजे चालत सराव: बूट-पॅड नाहीत, धावणं नाही, फक्त जागा आणि क्रम. आपल्याकडे पावसाळ्यात मैदानावर चिखल असतो आणि सराव रद्द होतो, तेव्हा शाळेचं बास्केटबॉल कोर्ट यासाठी उत्तम. कोर्ट २८ बाय १५ मीटरचं. लांब बाजूच्या मध्यावर ७.३२ मीटरवर दोन बाटल्या ठेवा, हा गोल. त्यापुढे १८.३ बाय ५.५ मीटरचा सहा यार्डांचा बॉक्स खडूने आखला तरी दोन्ही बाजूंना जवळपास पाच मीटर उरतात, आणि ११ मीटरवरचा पेनल्टी स्पॉटही आत बसतो. बॉक्सच्या टोकावरचा सहावा रेषेच्या थोडा बाहेर जाईल, चालेल. कॉर्नर मारणाऱ्याला जागा नाही, म्हणून एकाने कोर्टाच्या कोपऱ्यातून हाताने चेंडू टाकावा. आधी चालत पाच वेळा, मग हलक्या धावेने पाच वेळा, मग बचावपटू उभे करून पाच वेळा. वीस मिनिटांत होतं.

सामन्याच्या दिवशी राखीव खेळाडूंपैकी एकाला वही द्या. प्रत्येक कॉर्नरला चार रकाने: कोणती खूण, चेंडू पट्टीत पडला का, पहिला स्पर्श कोणाचा, दुसरा चेंडू, म्हणजे त्या स्पर्शानंतर सुटलेला, कोणाला. गोल झाला का हा रकाना ठेवू नका, तीस कॉर्नरांत एकदाच भरणाऱ्या रकान्यावरून चाल ठेवायची की टाकायची हे ठरत नाही. पहिला स्पर्श दहापैकी चार वेळा आपला होऊ लागला, की ती चाल ठेवा आणि दुसरीवर काम सुरू करा.